सात इंची तबकडी आणि कागदावरची सही : 'रेडिओ फ्री युरोप'च्या पहिल्या प्रकाशनाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतील आर.ई.एम. या बँडने 1981 च्या उन्हाळ्यात 'रेडिओ फ्री युरोप' हे आपले पहिले सिंगल एका नवख्या लेबलकडून प्रसिद्ध केले. पुढे या बँडला जगभर नाव मिळाले, त्यामुळे त्या पहिल्या तबकडीची गोष्ट सहसा यशाची नांदी म्हणून सांगितली जाते. येथे मात्र ती निर्णयांची साखळी म्हणून मांडली आहे : कोणता निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला गेला, त्याची किंमत कोणी मोजली आणि ज्या गोष्टीवरून वाद झाला तीच खरोखर महत्त्वाची होती का. लेबल चालवणाऱ्या गृहस्थांचा उल्लेख मी नावाने न करता 'लेबलचालक' असाच केला आहे. प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नसून दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या व्यवहाराचा आहे.

पार्श्वभूमी

जॉर्जिया राज्यातील अथेन्स हे विद्यापीठाचे गाव आहे. मायकेल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी या चौघांनी 5 एप्रिल 1980 रोजी तेथील एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या मेजवानीत पहिल्यांदा एकत्र वाजवले. बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. छोट्या लेबलांच्या तबकड्या कोण काढतो, त्या कुठे पोहोचतात आणि कोण विकत घेतो, हे त्याला ग्राहकांच्या रोजच्या वर्दळीतून ठाऊक झाले होते. गावात त्याआधीच 'बी-52'ज' आणि 'पायलॉन' हे बँड तयार झाले होते. दोघांच्याही पहिल्या तबकड्या अटलांटातील डीबी या लहानशा लेबलने काढल्या होत्या. त्यामुळे लहान गावातून निघालेली एक सात इंची तबकडी न्यूयॉर्कपर्यंत जाऊ शकते, याचा दाखला या चौघांना शोधावा लागला नाही. तो त्यांच्या गल्लीतच होता.

'सिंगल' म्हणजे सात इंची, मिनिटाला 45 फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला मुख्य गाणे आणि उलट बाजूला दुसरे. आपल्याकडे मराठी भावगीत दीर्घकाळ 78 फेऱ्यांच्या दोन गाण्यांच्या तबकडीवरच लोकांच्या घरी पोहोचत होते, म्हणून ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. फरक इतकाच की आपल्याकडील ती तबकडी मोठ्या कंपनीच्या कारखान्यातून येई. 1970 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत मात्र चार पोरे एकत्र येऊन, पैसे जमवून, भाड्याच्या प्रेसवर हजारभर तबकड्या छापून घेऊ लागली होती.

काळही ध्यानात घ्यायला हवा. 1979 पासून अमेरिकेचा रेकॉर्ड उद्योग मंदीत होता आणि मोठ्या कंपन्या नव्या बँडवर पैसे लावायला कचरत होत्या. व्यावसायिक एफएम केंद्रांवर सल्लागारांनी आखलेल्या ठरावीक याद्या वाजत, त्यात अनोळखी नावाला जागा नव्हती. याच्या उलट विद्यापीठांच्या आवारातील, बहुधा कमी शक्तीची रेडिओ केंद्रे विद्यार्थी स्वतः चालवत आणि काय वाजवायचे ते स्वतः ठरवत. कॉलेज रेडिओ या नावाने पुढे ओळखली गेलेली ही वाट अजून मळलेली नव्हती. एमटीव्ही तर 1 ऑगस्ट 1981 रोजी, म्हणजे हे सिंगल निघाल्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झाला.

गाण्याचे नाव म्युनिकमधून पूर्व युरोपकडे कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या, अमेरिकी पैशावर चालणाऱ्या रेडिओ संस्थेचे आहे. शब्द मात्र प्रचाराचे नाहीत आणि निषेधाचेही नाहीत. किंबहुना ते नीट ऐकूच येत नाहीत. गायक स्टाइपने ध्वनिमुद्रणाच्या वेळी शब्द पूर्ण केलेले नव्हते आणि ते स्पष्ट कळावेत अशी त्याची इच्छाही नव्हती.

अडचण

1981 च्या सुरुवातीला दक्षिणेकडील क्लबांमध्ये बँडचे नाव झाले होते, पण हातात देण्यासारखे काहीच नव्हते. दुसऱ्या गावच्या क्लबमालकाला काय पाठवायचे, वृत्तपत्राच्या समीक्षकाने काय ऐकून लिहायचे आणि रेडिओवरच्या मुलाने काय वाजवायचे, हा प्रश्न होता. कार्यक्रम कितीही रंगला तरी तो त्या रात्रीपुरताच. पाकिटात घालून टपालाने पाठवता येईल अशी वस्तू हवी होती.

पहिला प्रयत्न फेब्रुवारीत झाला. अटलांटाजवळच्या स्मर्ना गावी एका स्टुडिओत बँडने आपली बरीच गाणी एका दमात वाजवून घेतली. त्या स्टुडिओचे नाव 'बॉम्बे स्टुडिओज' होते. या नावाने मराठी वाचकाचे कान टवकारतील, पण या 'बॉम्बे'ने बँडला काही दिले नाही. निघालेल्या टेपमध्ये मंचावरचा जोर उतरला नाही, असे त्यांचेच मत पडले.

येथे पहिला निर्णय घेतला गेला, आणि माझ्या मते तो सर्वांत शांत डोक्याने घेतलेला निर्णय होता. खर्च झालाच आहे तर हीच टेप चालवून घेऊ, असा मोह होण्यासारखी परिस्थिती होती. बँडने ती टेप बाजूला ठेवली आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे मिच ईस्टर या तरुण संगीतकार-ध्वनिमुद्रकाकडे जायचे ठरवले. त्याचा 'ड्राइव्ह-इन' स्टुडिओ आई-वडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये होता. 15 एप्रिल 1981 रोजी तेथे तीन रचना मुद्रित झाल्या : 'रेडिओ फ्री युरोप', 'सिटिंग स्टिल' आणि 'व्हाइट टॉर्नेडो' हे वाद्यसंगीत. पहिल्या वेळी भरपूर गाणी घेतली होती, या वेळी फक्त तीन. संख्या घटवल्याने प्रत्येकीला वेळ मिळाला.

या तीन रचनांच्या सुमारे 400 कॅसेट तयार करून बँडने त्या क्लब, मासिके आणि लेबलांकडे पाठवल्या. कॅसेटवर ईस्टरने गमतीने केलेले मुख्य गाण्याचे एक 'डब' रूपही होते. शब्द, प्रतिध्वनी आणि तुकड्यांची मोडतोड करून केलेला तो खेळ होता. कॅसेट म्हणजे प्रकाशन नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे. रेडिओ केंद्रावर कॅसेट वाजवणे गैरसोयीचे होते आणि दुकानात ती विकली जात नव्हती. पण दार ठोठावायला ती पुरेशी होती.

समोरचे पर्याय

दार उघडले ते अटलांटातून. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने, म्हणजे या लेखातील लेबलचालकाने, हिब-टोन नावाचे लेबल काढायचे ठरवले होते आणि पहिली तबकडी या बँडची काढण्याची त्याची तयारी होती. बदल्यात दोन्ही बाजूंच्या गाण्यांचे पब्लिशिंग हक्क लेबलचालकाकडे जाणार होते.

बँडने प्रत्यक्ष बैठकीत कोणकोणत्या वाटा तपासल्या, हे बाजूला ठेवून त्या वेळी कोणत्या वाटा उपलब्ध होत्या तेवढे पाहू. मोठ्या कंपनीची वाट पाहणे हा एक पर्याय होता, पण मंदीत ती वाट किती लांब, ते सांगता येत नव्हते. दुसरा पर्याय स्वतः पैसे जमवून छापण्याचा. इंग्लंडमध्ये 1977 पासून कित्येकांनी तो वापरला होता. त्यात हक्क हातात राहतात, पण छपाईची रक्कम, वितरकांशी पत्रव्यवहार आणि टपालखर्च हे सगळे सतत दौऱ्यावर असलेल्या चार जणांच्या अंगावर पडते. तिसरा पर्याय हिब-टोनचा : पैसे दुसऱ्याचे, काम दुसऱ्याचे, तबकडी लगेच. एखादी गोष्ट पटकन होणार असेल तर तिच्या अटी हलक्या वाटतात. बँडने तिसरा पर्याय घेतला.

सहीचा अर्थ

येथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे प्रकरण या मुद्द्याभोवती फिरते आणि आजही नवे कलाकार नेमके याच ठिकाणी घसरतात.

एका गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. एक म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात, म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत वाजवलेले आणि टेपवर उतरलेले ते विशिष्ट वादन. दुसरी म्हणजे रचना, शब्द आणि चाल, मग ती कोणीही, कधीही, कुठेही वाजवो. पब्लिशिंग हक्क या दुसऱ्या मालमत्तेचे असतात. ध्वनिमुद्रण जुने होते, त्याच्या जागी नवे करता येते. रचना मात्र प्रत्येक नव्या मुद्रणात पुन्हा जन्म घेते आणि तिच्यासोबत तिचा हक्कदारही हजर होतो.

अमेरिकेत याला आणखी एक पदर आहे. तेथील साधी रेडिओ केंद्रे गाणे वाजवल्याबद्दल ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काहीही देत नाहीत, देतात ते रचनेच्या हक्कदारांना. म्हणजे ज्या वाटेने हे सिंगल चालणार होते, त्या रेडिओच्या वाटेवर जे काही थोडेफार उत्पन्न होणार, ते केवळ रचनेवर होते. आणि सहीने दिला गेला तो हक्क नेमका रचनेचा होता.

बँडला हे उमगले नसेल असे मी म्हणत नाही. 1981 साली आकडे इतके किरकोळ होते की उमगूनही कोणी अडून बसले नसते. रचनेच्या प्रत्येक छापील प्रतीमागे त्या वर्षी अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर 4 सेंट होता. हजार तबकड्यांवरील दोन गाण्यांचे मिळून 80 डॉलर होतात. रूढ पद्धतीने त्यातला अर्धा वाटा पब्लिशरचा, म्हणजे येथे लेबलचालकाचा, धरला तरी वाद 40 डॉलरचा होता. 40 डॉलरसाठी पहिली तबकडी कोण सोडील?

मिक्सचा वाद

बँडचे लक्ष मात्र या कागदावर नव्हते. ते आवाजावर होते, आणि भांडण तेथेच झाले.

तबकडीसाठी गाण्याचे नवे मिक्स, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज कमी-जास्त करून जुळवलेले अंतिम रूप, करायचे होते. लेबलचालक स्वतः विन्स्टन-सेलमला आला आणि ईस्टरसोबत बसून त्याने मिक्स करवून घेतले. ईस्टरचे त्याने समाधान झाले नाही, म्हणून त्याने स्वतःच्या कानाने आणखी एक मिक्स केले. बँडला ईस्टरचे पसंत पडले. तबकडीवर गेले ते लेबलचालकाचे.

त्यानंतर मास्टरिंगच्या टप्प्यावर आवाज आणखी मंदावला, असे बँडचे म्हणणे होते. हा टप्पा बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मिक्स झालेल्या टेपवरून लॅकर या रोगणाच्या थराच्या चकतीवर खोबण कोरली जाते, तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांवरून प्लॅस्टिकच्या तबकड्या दाबल्या जातात. कोरणाऱ्याने खालचे किंवा अगदी वरचे स्वर जपून घेतले, पातळी कमी ठेवली, तर स्टुडिओत चमकणारे गाणे घरच्या यंत्रावर कांबळ्याखालून आल्यासारखे वाटते. हाती आलेल्या तबकडीने पीटर बक इतका खट्टू झाला की त्याने एक प्रत फोडून भिंतीवर लावली, ही हकिकत बँडच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. ज्या वस्तूसाठी वर्षभर धडपड केली, तिचीच ही गत!

या वादात कोण बरोबर होते, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही, आणि त्याकडे पुढे येईनच. येथे नोंदवायचे ते एवढेच की अंतिम शब्द कोणाचा, हे आधी ठरलेले दिसत नाही. ज्याचे पैसे होते त्याने तो घेतला. इतरांनी आपापले मत दिले आणि मत देणे म्हणजे ठरवणे, असा त्यांचा समज राहिला असावा.

हजार प्रतींचा हिशेब

जुलै 1981 मध्ये तबकडी निघाली. पहिल्या खेपेला 1,000 प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील 600 प्रसिद्धीसाठी फुकट वाटण्यात आल्या. विक्रीला उरल्या 400.

दुकानदाराच्या नजरेने हा आकडा वेडेपणाचा आहे. साठ टक्के माल फुकट देणारा धंदा कोण करतो? पण या प्रकरणातील सर्वांत फलदायी निर्णय मी यालाच म्हणतो, आणि त्याचे श्रेय लेबलचालकाच्या बाजूलाही द्यायला हवे, कारण ती तबकडी त्याच्या पैशाची होती. या 600 प्रती नसत्या तर उरलेल्या 400 चा ग्राहक अथेन्स आणि अटलांटा यांच्या पलीकडचा फारसा असता, असे मला वाटत नाही. विद्यार्थी-केंद्रावरच्या एका मुलाच्या हातात गेलेली एक प्रत आठवड्यात अनेकदा वाजू शकते. समीक्षकाच्या मेजावर पडलेली प्रत देशभर वाचल्या जाणाऱ्या रकान्यात जाऊ शकते. वाटलेली तबकडी ही या अर्थाने जाहिरातच होती, फक्त जाहिरातीत खुद्द मालच होता.

याच खेपेत एक साधी चूकही झाली. पहिल्या छपाईच्या तबकड्यांवर लेबलचा पत्ताच नव्हता. गाणे आवडलेल्या दुकानदाराने आणखी प्रती कुठून मागवायच्या, क्लबमालकाने कोणाला पत्र लिहायचे? 600 लोकांच्या दारात जाऊन नाव सांगायचे आणि राहण्याचे ठिकाण सांगायला विसरायचे, असा हा प्रकार. मिक्सवर तास घालवले गेले. पत्त्याची ओळ छापायला किती वेळ लागला असता?

तरीही मागणी आली. आणखी सुमारे 6,000 प्रती छापाव्या लागल्या. नवख्या लेबलची ही पहिलीच तबकडी होती, हे लक्षात घेतले तर हा प्रतिसाद मोठाच म्हटला पाहिजे.

स्वागत

कॉलेज रेडिओवर गाणे फिरू लागले. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने त्याची दखल घेतली आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 1981 च्या दहा उत्तम सिंगल्सच्या यादीत ते आले. गाव सोडून फार दूर न गेलेल्या चार पोरांच्या, पत्ताही नसलेल्या तबकडीला हे मिळाले.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की हे सगळे स्वागत त्याच मिक्सचे झाले, ज्याची प्रत बकने भिंतीवर लावली होती. समीक्षकांनी ईस्टरचे पसंतीचे मिक्स ऐकलेच नव्हते. त्यांच्यासमोर धूसर आवाज होता, पुटपुटलेले शब्द होते आणि त्याखालून धावणारी गिटार होती. मला तर वाटते, शब्द आधीच अस्पष्ट असलेल्या गाण्याला तबकडीची धूसरता परकी वाटली नाही. लांबच्या केंद्राची पकड सैल झाल्यावर रेडिओ जसा ऐकू येतो, तसे ते गाणे ऐकू येत होते आणि नावही रेडिओचेच होते. हा योजून साधलेला परिणाम मुळीच नव्हता. पण ज्या दोषामुळे तबकडी बुडेल अशी भीती होती, त्याने ती बुडवली नाही, एवढे नक्की.

स्वागताचा दुसरा अर्थ व्यवहाराचा. कार्यक्रमांची बोलावणी वाढली, कारण आता क्लबमालकाकडे दाखवायला तबकडी होती. ऑक्टोबरमध्येच बँड पुन्हा ईस्टरच्या गॅरेजमध्ये गेला आणि नव्या गाण्यांचे मुद्रण केले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये आरसीए या बड्या कंपनीसाठी चाचणीचे मुद्रणही झाले. पण मे 1982 मध्ये करार झाला तो आय.आर.एस. या तुलनेने लहान कंपनीशी, आणि ऑक्टोबरच्या मुद्रणातून 'क्रॉनिक टाऊन' ही पाच गाण्यांची ईपी, म्हणजे सिंगलपेक्षा मोठी पण अल्बमपेक्षा लहान तबकडी, ऑगस्ट 1982 मध्ये बाहेर आली. हिब-टोनकडे दुसरी तबकडी कधीच गेली नाही.

दुसरे मुद्रण

आय.आर.एस.साठी पहिला अल्बम करताना जुने सिंगल पुन्हा मुद्रित करायचे ठरले. निर्माता म्हणून कंपनीने आधी स्टीफन हेग याच्याबरोबर एक गाणे करून पाहिले. पुन:पुन्हा वाजवायला लावण्याच्या त्याच्या पद्धतीला बँड वैतागला आणि आपल्या ओळखीच्या ईस्टरसाठी त्याने आग्रह धरला. दोन वर्षांपूर्वी मिक्सच्या वेळी जो शब्द हातचा गेला होता तो या वेळी गेला नाही, हे येथे स्पष्ट दिसते. ईस्टर आणि डॉन डिक्सन यांनी शार्लट येथील रिफ्लेक्शन साउंड स्टुडिओत अल्बम केला आणि एप्रिल 1983 मध्ये 'मर्मर' प्रसिद्ध झाला. त्यात 'रेडिओ फ्री युरोप' पूर्वीपेक्षा संथ आणि स्वच्छ होते. 'सिटिंग स्टिल'ही होते.

नवे सिंगल 'बिलबोर्ड' या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत 78 व्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम 36 वा आला, 1983 अखेर त्याच्या सुमारे 2 लाख प्रती खपल्या आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवले.

आता 1981 च्या सहीकडे परत जाऊ. अल्बममधील बारांपैकी दोन रचना त्या सात इंची तबकडीच्या होत्या. जुना मास्टर टाकून नवे मुद्रण केल्याने लेबलचालकाच्या मिक्सपासून बँडची सुटका झाली, पण रचनेचा हक्क नव्या मुद्रणासोबत आपोआप चालत आला. 1981 च्याच कायदेशीर दराने हिशेब करायचा तर दोन लाख प्रती, प्रत्येकी दोन रचना, प्रत्येकी चार सेंट, म्हणजे 16,000 डॉलर. पब्लिशरचा निम्मा वाटा 8,000. 40 डॉलरचा वाद दोन वर्षांत दोनशे पटींनी वाढला. प्रत्यक्षात कंपन्या कायद्याच्या दरापेक्षा कमी देतात आणि पुढे हे हक्क लेबलचालकाकडून विकत घेतले गेले, त्यामुळे हा आकडा प्रमाण दाखवण्यापुरताच घ्यावा. पण विकत घ्यावे लागले, यातच सगळे आले. आधी दिले ते तबकडीच्या घाईत. परत घेतले ते पैसे मोजून.

काय वेगळे करता आले असते

सही न करणे, हे उत्तर मला पटत नाही. 1981 चा उन्हाळा निघून गेला असता तर त्या वर्षीच्या याद्यांत नाव आले नसते आणि पुढची बोलणी कोणत्या बळावर झाली असती, ते सांगता येत नाही. लेबलचालकाने आपले पैसे अनोळखी बँडवर लावले होते. त्याला परताव्याची आशा असणे रास्त होते. प्रश्न परतावा कशाच्या रूपात द्यायचा, हा होता.

तबकडीच्या विक्रीतील मोठा हिस्सा देता आला असता. त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा परवाना ठरावीक वर्षांसाठी देता आला असता. अगदी रचनेचा वाटा द्यायचाच असेल तर तो 'या तबकडीच्या प्रतींपुरता' असे चार शब्द घालून बांधता आला असता. हे चार शब्द लिहिणारा वकील बँडजवळ त्या टप्प्यावर नव्हता आणि समोरचा पक्ष मात्र कायदाच शिकत होता. पुढे बर्टिस डाउन्स हे वकील बँडचे व्यवहार पाहू लागले. बँडच्या नंतरच्या रचना त्याच्या स्वतःच्या 'नाइट गार्डन म्युझिक' या नावाखाली नोंदल्या जाऊ लागल्या आणि श्रेय चौघांत समान वाटले गेले. ही व्यवस्था काही महिने आधी झाली असती, तर प्रकरणाचा हा भाग लिहावाच लागला नसता.

मिक्सबाबत एकच ओळ हवी होती : चाचणी-तबकडी बँडने ऐकून संमती दिल्याशिवाय छपाई नाही. प्रेसवर पूर्ण खेप जाण्याआधी नमुन्याच्या दोन-चार प्रती काढण्याची पद्धत होतीच. अशी अट असती तरी आवाज सुधारला असता का? कदाचित. गाण्याचे स्वागत अधिक झाले असते का? मला शंका आहे. पण भिंतीवर लावायला प्रत फोडण्याची वेळ आली नसती, आणि निदान पहिल्या तबकडीनंतर लेबल आणि बँड यांची तोंडे दोन दिशांना झाली नसती.

पत्त्याबद्दल वेगळे काय सांगायचे! छपाईला देण्याआधी कागद एका तिऱ्हाइताला वाचायला द्यावा.

पुढे काय झाले

त्या धूसर मिक्सचे मूल्यमापन काळाबरोबर बदलले. 1988 मध्ये बँडने निवडक गाण्यांचा 'एपोनिमस' हा संग्रह काढला, तेव्हा 'मर्मर'मधील सुबक रूप न घेता हिब-टोन सिंगलचे मूळ रूप घेतले, आणि मिल्स व बँडचा व्यवस्थापक जेफरसन होल्ट यांच्या मते मूळ रूप दुसऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे, अशा अर्थाची खोडकर टीप आवरणावर छापली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या 2009 च्या यादीत या गाण्याची निवड केली. व्यावसायिक रेडिओ उदासीन असताना कॉलेज रेडिओच्या जोरावर पुढे जाण्याचा पायंडा त्याने पाडला, असे कारण नोंदवले गेले.

विन्स्टन-सेलमच्या गॅरेजमध्ये ईस्टरने गंमत म्हणून केलेले 'डब' रूप मात्र त्या जुन्या कॅसेटांपुरतेच राहिले होते. ते 2025 मध्ये बाहेर आले : खऱ्या रेडिओ फ्री युरोपला 75 वर्षे झाली, तिच्या मदतीसाठी बँडने या एकाच गाण्याच्या निरनिराळ्या रूपांची ईपी काढली, तिच्यात.